कंपायलर बरोबर आहे हे सिद्ध करून नक्की मिळतं काय?

उलटा_कंस
जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा, माझं डोकं चालेनासं झालंय. हॅस्केल ही फंक्शनल भाषा शिकायची म्हणून ग्रॅहम हटन यांचं पुस्तक घेतलं, दुसरी आवृत्ती, २०१६ ची. हे नॉटिंगहॅम विद्यापीठात प्राध्यापक आहेत, फंक्शनल प्रोग्रामिंग (गणिती फंक्शन जोडत प्रोग्राम लिहिणं) हा त्यांचा विषय. पुस्तक छान आहे, रडतखडत का होईना शेवटपर्यंत आलो आणि शेवटच्याच प्रकरणात गाडी अडली. तिथे ते कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या सूचनांत बदलून देणारा प्रोग्राम, "काढून" दाखवतात. लिहून नाही हां, शाळेत समीकरण सोडवून क्ष काढायचो तसा काढून. आणि हा कंपायलर कुठल्या भाषेचा, तर जिच्यात फक्त पूर्णांक आणि बेरीज. वजाबाकीसुद्धा नाही!

मग कुतूहल म्हणून पेपर चाळले तर हा माणूस वीस वर्षं हेच करतोय. २००४ मध्ये एक्सेप्शन (चालता चालता गडबड झाली की नेहमीचा रस्ता सोडून बाहेर पडायची सोय) असलेली चिमुकली भाषा, २०१५ मध्ये पॅट्रिक बार यांच्याबरोबर बरोबर कंपायलर गणिताने कसे काढायचे याच्यावर लांबलचक पेपर, २०२० मध्ये त्याचाच दुसरा भाग, आता स्टॅकऐवजी (एकावर एक रचलेल्या किमतींच्या चळतीऐवजी) रजिस्टरवाली (प्रोसेसरमधल्या ठरावीक खणांची) मशीन. भाषा दर वेळी एवढीशी आणि पुरावा मात्र पानंच्या पानं.

आता माझं म्हणणं. मी बारा वर्षं कोड लिहितोय, जावा, पायथन, मधे दोन वर्षं सी प्लस प्लस. या बारा वर्षांत कंपायलर चुकला असं एकदाही झालेलं नाही, दर वेळी चूक माझीच निघाली. मग ज्या गोष्टीत चूकच सापडत नाही ती बरोबर आहे हे सिद्ध करायला हुशार माणसांनी अख्खी हयात का घालवायची? खवचटपणे विचारत नाहीये, खरंच कळत नाहीये.

मूकवाचक
वाचतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

कोबोलकाका
बारा वर्षांत चुकला नाही की चुकलेला तुम्हाला कळला नाही? दोन्हीत फरक आहे. आम्ही मेनफ्रेमवर असताना कुणी ज्युनियर "सर, कंपायलरमध्ये बग आहे" म्हणत आला की अख्खा विभाग हसायचा. त्यातला एक पोरगा बरोबर होता हे आम्हाला तीन महिन्यांनी कळलं. तोवर त्याने नोकरी सोडली होती.

आठबिट
काकांशी सहमत. मी एम्बेडेडमध्ये आहे (यंत्रांच्या आतल्या छोट्या चिपसाठी कोड), इथे कंपायलर चुकतात आणि चुकले की माणूस वेडा व्हायची पाळी येते.

आधी माझी फजिती सांगते म्हणजे एकतर्फी वाटणार नाही. पहिल्याच वर्षी मी छातीठोकपणे म्हटलं की कंपायलर चुकतोय, ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायला कंपायलर करतो ती काटछाट) लावलं की लूप कधी संपतच नाही. सीनियरने स्क्रीनकडे बघून एकच शब्द उच्चारला, "व्होलाटाइल". इंटरप्टमध्ये (हार्डवेअर चालू कोड मधेच थांबवून दुसरा चालवतं तेव्हा) बदलणारा फ्लॅग, आणि तो मधेच बदलू शकतो हे मी कंपायलरला सांगितलंच नव्हतं. चूक शंभर टक्के माझी. त्यानंतर दोन वर्षं मी कंपायलरवर ब्र काढला नाही.

आणि मग खरा भेटला. कंपनीचं आणि कंपायलरचं नाव सांगणार नाही, मुद्दा तो नाहीये. आठ बिटांचा अनसाइन्ड (उणे न होणारा) काउंटर होता. २५५ च्या पुढे एक मिळवला की तो शून्य व्हायलाच हवा, भाषेचा नियमच आहे, त्यात कुठलीही पळवाट नाही. आमचा काउंटर २५० पासून सुरू होऊन फिरून ५ वर आला की थांबायचं, असं लूप. ऑप्टिमायझेशन बंद असताना व्यवस्थित. चालू केलं की बोर्ड गप्प. प्रिंट टाकला की पुन्हा व्यवस्थित! म्हणजे बघायला गेलं की बग गायब. चार दिवस मी स्वतःचाच कोड उलटापालटा केला, पाचव्या दिवशी असेंब्ली, म्हणजे कंपायलरने काढलेल्या मशीनच्या सूचना, छापून हातात पेन घेऊन बसले तेव्हा दिसलं. कंपायलरने काउंटर ३२ बिटांच्या रजिस्टरमध्ये ठेवलेला आणि दर फेरीला वरचे बिट पुसायची सूचना "कशाला हवी" म्हणून काढून टाकलेली. मग काय, २५५, २५६, २५७... तो ५ वर येणार कधी?

त्या चार दिवसांत मी स्वतःवर जेवढा संशय घेतला तेवढा आयुष्यात कधी घेतला नसेल. उलटा_कंस, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच.

गणिताची_भीती
>>प्रिंट टाकला की पुन्हा व्यवस्थित

डॉक्टरकडे गेलं की खोकला थांबतो तसंच हे.

खडूस_परीक्षक
आठबिट यांचा अनुभव अपवाद नाही याला आकडे आहेत. अमेरिकेत युटा विद्यापीठात जॉन रेगर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सी-स्मिथ नावाचं हत्यार बनवलं, पेपर २०११ चा. हे काय करतं, तर सी भाषेतले आडवेतिडवे पण नियमात बसणारे प्रोग्राम आपोआप तयार करतं, तोच प्रोग्राम वेगवेगळ्या कंपायलरमधून काढायचा आणि उत्तरं जुळतात का बघायचं. जुळली नाहीत तर कुणीतरी चुकतंय. तीन वर्षांत ३२५ च्या वर नवे बग त्यांनी कंपायलरवाल्यांना कळवले. आणि हे कुणाच्या फावल्या वेळातले कंपायलर नव्हेत, जीसीसी आणि एलएलव्हीएम पण त्यात, म्हणजे तुमचाआमचा फोन ज्यांच्यावर उभा आहे ते.

खरी गंमत पुढे आहे. त्याच चाचणीत कॉम्पसर्ट नावाचा कंपायलर पण होता. फ्रान्सचे झाव्हिए लरॉय, ओकॅमल या भाषेचे मुख्य कर्ते, त्यांनी आणि त्यांच्या गटाने तो बनवलाय आणि तो बरोबर असल्याचा पुरावा मशीनकडून तपासून घेतलाय. त्यातही चुका सापडल्या, पण ज्या भागांना तोवर पुरावा नव्हता त्या भागांत. सिद्ध केलेल्या मधल्या भागात, जिथे बाकीच्यांचे ऑप्टिमायझर हमखास धडपडतात, तिथे सहा सीपीयू-वर्षं घालवूनही चुकीचा कोड निघाल्याचं एकही उदाहरण मिळालं नाही. ज्यांचा धंदाच कंपायलर फोडण्याचा, त्यांनी हे लिहून ठेवलंय.

उलटा_कंस
हे माहीत नव्हतं, दंडवत. आठबिट, चार दिवसांबद्दल मनापासून सहानुभूती.

पण मग माझा प्रश्न थोडा सरकवतो. कॉम्पसर्टचं समजलं, खऱ्या सी भाषेचा खरा कंपायलर आहे. हटन यांच्या बेरीजवाल्या भाषेचं काय? ती कुठल्या बोर्डावर चालते?

आळशी_मूल्यमापन
या धाग्याची वाटच बघत होतो :)

बेरीजवाली भाषा कुठेच चालत नाही, आणि तिला मुद्दामच एवढं सोलून काढलंय. लोक तिला "हटनचा वस्तरा" म्हणतात. मुळात परंपराच आहे ही. कंपायलर बरोबर असल्याचा पहिला छापील पुरावा मॅकार्थी आणि पेंटर यांचा, १९६७ चा. हे मॅकार्थी म्हणजे लिस्प ही भाषा काढणारे. त्यांच्या भाषेत स्थिरांक, चल आणि बेरीज, समोरच्या मशीनमध्ये एक अ‍ॅक्युम्युलेटर (हिशोबाचं उत्तर ठेवायचा एकच खण) आणि चार सूचना. म्हणजे हटन यांच्यापेक्षा फक्त चल जास्त!

पण तेव्हाच्या आणि आताच्या कामात एक मोठा फरक आहे आणि उलटा_कंस यांनी "काढून" हा शब्द वापरून तो नकळत पकडलाय. जुनी पद्धत अशी की आधी कंपायलर लिहा, मग तो बरोबर आहे हे सिद्ध करत बसा. हटन आणि बार म्हणतात उलट करा. बरोबर असणं म्हणजे काय ते एका समीकरणात लिहा आणि कंपायलर हा त्यातला अज्ञात धरून सोडवा. जरा बसून दाखवतोच, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

राशी म्हणजे आकडा किंवा दोन राशींची बेरीज. तिची किंमत कशी काढायची हे सगळ्यांना ठाऊक. आपल्याला हवाय स्टॅकवर चालणारा कोड. समीकरण असं:

चालव (कंपाईल राशी पुढचा) स्टॅक = चालव पुढचा (किंमत राशी : स्टॅक)

डावीकडे: राशी कंपाईल केली, तिच्या मागे "पुढचा" कोड जोडला, आणि सगळं या स्टॅकवर चालवलं. उजवीकडे: राशीची किंमत आधीच स्टॅकच्या डोक्यावर ठेवून दिली आणि नुसता पुढचा कोड चालवला. दोन्हीकडे तेच उत्तर आलं पाहिजे. बस, बरोबर असणं म्हणजे एवढंच. आता गंमत बघा, यात "कंपाईल" माहीत नाही, "चालव" माहीत नाही आणि मशीनला कुठल्या सूचना आहेत तेही माहीत नाही. तीन अज्ञात आणि समीकरण एक, शाळेत असं केलं असतं तर मास्तरांनी वर्गाबाहेर काढलं असतं.

पहिली स्थिती, राशी म्हणजे नुसता ५. उजवी बाजू झाली "चालव पुढचा (५ : स्टॅक)". याला "चालव काहीतरी स्टॅक" असं रूप द्यायचंय. ते काहीतरी आपल्याकडे नाही. नाही ना, मग बनवा! अशी सूचना जी ५ स्टॅकवर ठेवते आणि पुढचा कोड चालवते. तिचं नाव पुश. म्हणजे पुश कुणी शोधून काढली नाही, समीकरण अडलं तिथे ती उगवली.

दुसरी, राशी म्हणजे अ + ब. उजवीकडे स्टॅकच्या डोक्यावर "किंमत अ + किंमत ब" हवं. इथे समीकरण परत अडतं. मग म्हणायचं, समजा स्टॅकवर आधी अ ची किंमत ठेवली आणि तिच्यावर ब ची, तर वरच्या दोघांना उचलून बेरीज ठेवणारी सूचना असती तर भागलं असतं. तिचं नाव अ‍ॅड. आता ब ही छोटी राशी, तिच्यासाठी समीकरण खरं आहेच असं धरायला हरकत नाही, म्हणजे इंडक्शन. ते उलटं वापरलं की ब ची किंमत स्टॅकवरून कोडमध्ये सरकते. मग तेच अ ला. शेवटी हातात येतं: आधी अ कंपाईल, मग ब कंपाईल, मग अ‍ॅड. जे कुठल्याही पुस्तकात "स्टॅक मशीन असं असतं" म्हणून आयतं दिलेलं असतं ते इथे घामाने आलं. आणि पुरावा वेगळा लिहायची गरज उरली नाही, आपण केलेला हिशोब हाच पुरावा.

"पुढचा" हा जास्तीचा पाहुणा कशाला, असं वाटेल. तो नसेल तर दोन कोड एकापुढे एक जोडून चालवले की काय होतं याचं वेगळं प्रमेय लागतं आणि पुरावा दुप्पट होतो. एक आर्ग्युमेंट वाढवलं की ते सगळं गळून पडतं.

बेरजेत हे सगळं उगाच वाटतं हे मान्य. पण एक्सेप्शन घ्या. अ ची किंमत स्टॅकवर ठेवलीय, ब मध्ये एक्सेप्शन फेकलं गेलं, आता स्टॅकवर पडलेल्या त्या अर्धवट किमतीचं काय करायचं? किती उचलून फेकायच्या, कुठे थांबायचं? २००४ च्या पेपरमध्ये स्टॅकवर खूण ठेवतात, एक्सेप्शन आलं की खूण सापडेपर्यंत स्टॅक उपसायचा आणि तिथला हँडलर (एक्सेप्शन निस्तरणारा कोड) चालवायचा. ही खूण ठेवायची कल्पना कुणाला सुचली असेल तर तो हुशार. २०१५ च्या पद्धतीत मात्र हुशारी लागत नाही, हिशोब करत गेलात की हँडलर स्टॅकवर ठेवायची सूचना आपसूक हातात पडते. माझ्या मते हटन यांच्या कामाचं खरं मोल इथे आहे. छोट्या भाषेत एकेक वैशिष्ट्य वेगळं काढून त्याच्यासाठी मशीन कसं "असायलाच हवं" ते कळतं.

गणिताची_भीती
आयडी बदलून घ्यावा म्हणतेय. कळलं चक्क. पुश उगवली!

फावला_वेळ
अवांतर: कंपायलरला मराठीत काय म्हणायचं? कुठेतरी संकलक वाचलं होतं. पण संकलक म्हणजे गोळा करणारा ना? वर्तमानपत्राची कात्रणं चिकटवणारा माणूस डोळ्यासमोर येतो.

कोबोलकाका
इंग्रजी शब्दाचाही मूळ अर्थ गोळा करणाराच आहे. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास पहिला कंपायलर केला तो खरोखरच लायब्ररीतली तयार रूटीन गोळा करून जोडायचा. तेव्हा संकलक अगदी चपखल. पुढे काम बदललं, नाव तेच राहिलं.

फावला_वेळ
हे भारीच. कात्रणं मागे घेतो.

खडूस_परीक्षक
आळशी, सुंदर लिहिलंय, पण नावाला जागून खोडा घालतो. "पुरावा आहे म्हणजे बरोबर आहे" हे वाक्य पूर्ण नाही. समीकरणात जेवढं लिहिलंय तेवढंच बरोबर.

कॉम्पसर्टचं प्रमेय साध्या भाषेत काय म्हणतं? तुमच्या मूळ प्रोग्राममध्ये अनडिफाइन्ड बिहेवियर (ज्याचं काय व्हावं हे भाषेचे नियम सांगतच नाहीत असं काही) नसेल, आणि कंपायलरने कोड बाहेर दिला, तर तो कोड मूळ प्रोग्रामला मान्य असलेल्या वागणुकीतलीच एखादी दाखवेल. दोन्ही "जर-तर" नीट बघा. दुसऱ्याचा अर्थ असा की प्रत्येक प्रोग्रामला "जमत नाही" म्हणून हात वर करणारा कंपायलरसुद्धा प्रमेयाच्या दृष्टीने निर्दोष आहे. असे सहकारी मी पाहिलेत.

पहिला जर-तर मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात) २००९ मध्ये गाजलेलं प्रकरण बघा, टन नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमधलं. कोडमध्ये पहिल्या ओळीत पॉइंटर (मेमरीतला पत्ता) जिकडे बोट दाखवतो तिथलं एक फील्ड वाचलेलं आणि पुढे "पॉइंटर नल (रिकामा पत्ता) असेल तर परत जा" अशी तपासणी. क्रम चुकला, तपासणी आधी हवी होती. पण जीसीसीने काय विचार केला? पॉइंटर आधीच वापरलाय, नल वापरणं अनडिफाइन्ड, अर्थात तो नल नाहीच, मग तपासणी निरर्थक, उडवा. उडवली. आणि नल पत्त्यावर स्वतःची मेमरी मॅप करून कर्नलचा ताबा घेता येईल अशी फट उघडी पडली. आता सांगा, कंपायलर चुकला? भाषेच्या नियमाने नाही. सिद्ध केलेल्या कंपायलरलाही हे प्रमेय मोडल्याशिवाय करता आलं असतं.

आठबिट
हा मुद्दा पटला. कर्नलवाले तेव्हापासून ही नल तपासणी उडवू नको असा खास फ्लॅग देऊन कंपाईल करतात. म्हणजे भाषेच्या नियमाशी वाद घालण्यापेक्षा फ्लॅग टाकणं सोपं.

पण खडूस, माझ्या काउंटरच्या केसमध्ये अनडिफाइन्ड काहीच नव्हतं. अनसाइन्डचं फिरून शून्यावर येणं भाषेतच लिहिलंय. तिथे प्रमेय असतं तर माझे चार दिवस वाचले असते की नाही?

खडूस_परीक्षक
वाचले असते. मान्य.

(हे दोन शब्द इथे नोंदवून ठेवा, परत म्हणणार नाही.)

रात्रपाळी
मला वेगळीच शंका. कॉम्पसर्ट बरोबर आहे हे तपासलं कुणी? कॉक या प्रूव्हरने (पुरावा तपासणाऱ्या प्रोग्रामने), ज्याचं नाव आता रॉक केलंय. रॉकमधून निघालेला कोड ओकॅमलचा, तो कंपाईल केला ओकॅमलच्या कंपायलरने, त्याला पुरावा नाही. मग शेवटी विश्वास कुणावर? केन थॉम्प्सन यांचं ट्युरिंग पुरस्काराचं भाषण आठवा, १९८४ मध्ये छापलेलं. कंपायलरमध्येच अशी खोड घालता येते की तो लॉगिन प्रोग्राम ओळखून त्यात चोरवाट घालेल, आणि स्वतःला कंपाईल करताना तीच खोड पुन्हा स्वतःत घालेल. सोर्स कोड कितीही वेळा वाचा, तिथे काहीच नाही.

आळशी_मूल्यमापन
बरोबर शंका. त्यावरचं सगळ्यात धीट उत्तर केकएमएल. एमएल जातीची भाषा, त्यांचा २०१४ चा पेपर आहे. त्यांनी कंपायलर त्याच भाषेत लिहिला आणि प्रूव्हरच्या आतच तो स्वतःवर चालवला, त्यामुळे जो मशीन कोड बाहेर पडतो त्याच्याबद्दलच प्रमेय मिळतं, मधे दुसऱ्या कुणाचा कंपायलर येत नाही. तरीसुद्धा प्रूव्हरचा गाभा आणि हार्डवेअर यांच्यावर विश्वास ठेवावाच लागतो. पण तो गाभा छोटा असतो, डोळ्याखालून घालता येईल एवढा.

आणि हो, कुणी विचारायच्या आधी मीच सांगतो, हटन यांचे सगळे हिशोब ज्या हॅस्केलमध्ये लिहिलेत तिच्या मुख्य कंपायलरला, जीएचसीला, असा पुरावा नाही.

रात्रपाळी
तेच विचारणार होतो :)

बिनव्याजी
एवढं सगळं छान आहे तर मग सगळे कॉम्पसर्टच का वापरत नाहीत? स्लो असेल.

आठबिट
तितका नाही. लरॉय यांच्या २००९ च्या लेखात पॉवरपीसी प्रोसेसरवरचे आकडे आहेत, जीसीसीच्या पहिल्या पातळीच्या ऑप्टिमायझेशनपेक्षा सुमारे ७ टक्के मंद, दुसऱ्या पातळीपेक्षा १२ टक्के. विमानाच्या कंट्रोलसाठी कोड लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने हा सौदा वाईट नाही, कारण त्यांच्याकडे कित्येकदा ऑप्टिमायझेशन बंदच ठेवतात, कंपायलरवर भरवसा नाही म्हणून. त्यांच्याशी तुलना केली तर हा फास्टच झाला की.

त्यातली मला सगळ्यात आवडलेली युक्ती रजिस्टर वाटपाची. कुठला चल कुठल्या रजिस्टरमध्ये ठेवायचा हे ठरवणं म्हणजे शेजारच्यांना वेगळे रंग देत आलेख रंगवणं, आणि तो अल्गोरिदम सिद्ध करायला किचकट. त्यांनी सिद्ध केलाच नाही! तो साध्या ओकॅमलमध्ये लिहिला, वाटेल ते उत्तर देऊ दे, आणि उत्तर तपासणारा छोटा प्रोग्राम तेवढा सिद्ध केला. सोडवणारा चुकला तर कंपायलर हात वर करेल, पण चुकीचा कोड बाहेर जाणार नाही.

बिनव्याजी
म्हणजे खडूस यांचा हात वर करणारा सहकारी इथे कामाला आला.

खडूस_परीक्षक
:)

कोबोलकाका
अवांतर होतंय पण राहवत नाही. फंक्शनलची हवा मी पहिल्यांदा अनुभवली ती बॅकस यांच्या १९७७ च्या ट्युरिंग भाषणामुळे. ज्या माणसाने फोर्ट्रान दिलं त्यानेच उभं राहून सांगितलं की या पद्धतीचं प्रोग्रामिंग म्हणजे एकेक शब्द मेमरीतून आणायचा आणि परत नेऊन ठेवायचा, यातून बाहेर पडा, प्रोग्रामवर बीजगणित करता आलं पाहिजे. तेव्हा वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरीच. आज आळशी यांचा प्रतिसाद वाचताना ते बीजगणित पहिल्यांदा दिसलं. पंचेचाळीस वर्षांच्या वर गेली मध्ये.

उलटा_कंस
धागाकर्ता परत हजर. तीन दिवस गायब होतो कारण हातानेच करून बघायचं ठरवलं. तुम्ही सगळे हसणार आहात.

आळशी यांचा प्रतिसाद वाचला आणि म्हटलं यात काय, वजाबाकी घालून आपण आपला लिहू. हिशोब वगैरे न करता, सरळ अंदाजाने. पुश, अ‍ॅड, सब. "सब म्हणजे वरचे दोन उचल, पहिल्यातून दुसरा वजा कर." चार टेस्ट लिहिल्या, तीन बेरजेच्या आणि एक ४ - ४. सगळ्या पास. झोपायला गेलो.

सकाळी सहज ९ - २ दिलं तर उत्तर आलं उणे ७.

स्टॅकवर आधी ९ जातो, त्याच्यावर २. वरून उचलला की "पहिला" मिळतो तो २. हे मला बारा वर्षांच्या अनुभवाने दिसलं नाही. बरं, दुरुस्ती काय केली? सब ला हात लावला नाही, कंपाईल करायचा क्रमच उलटा केला, आधी ब मग अ. ९ - २ बरोबर ७. वर आणखी दहा टेस्ट, सगळ्या पास. पण आता मनात किडा शिरला की मी एक चूक दुसऱ्या चुकीने झाकली का?

आळशी_मूल्यमापन
हाहा, किडा योग्य जागी शिरलाय. टेस्टने उत्तर मिळणार नाही. समीकरणात वजाबाकी घालून बघ आणि काय निघतंय ते इथे टाक. (तू म्हटलं तर चालेल ना?)

उलटा_कंस
चालेल की.

केलं. दोन तास लागले, त्यातला दीड तास कंस मोजण्यात, आयडीला जागलो. उजवीकडे "किंमत अ - किंमत ब" स्टॅकच्या डोक्यावर हवं. इथे दोन रस्ते फुटतात. ब वर ठेवायचा म्हटलं तर सब ची व्याख्या "खालच्यातून वरचा वजा" अशीच घ्यावी लागते, दुसरी घेतली तर पुढची ओळ लिहिताच येत नाही, आणि क्रम निघतो अ मग ब. अ वर ठेवायचा म्हटलं तर सब "वरच्यातून खालचा" आणि क्रम ब मग अ. दोन्ही हिशोब शेवटपर्यंत जातात! म्हणजे माझी दुरुस्ती झाकपाक नव्हती, दुसऱ्या रस्त्याचा अख्खा कंपायलर होता. पहिल्या रात्री मी एका रस्त्याची सब आणि दुसऱ्या रस्त्याचा क्रम घेतला होता. हिशोबाने गेलो असतो तर ही भेसळ होऊच शकली नसती, मधेच समीकरण अडलं असतं.

खडूस_परीक्षक
शाब्बास. आता एक विचारतो. भाषेत प्रिंट घातलंस, आणि अ आणि ब दोन्ही काहीतरी छापतात, तर दोन्ही रस्ते तेवढेच बरोबर राहतील?

उलटा_कंस
नाही राहणार बहुतेक. किंमत काढताना आधी अ छापतो असं ठरलेलं असेल तर ब मग अ वाला हिशोब कुठेतरी अडला पाहिजे. पण नक्की कुठल्या ओळीवर अडतो ते करून बघितल्याशिवाय सांगत नाही. बसतो आज रात्री.

गणिताची_भीती
कंस मोजायला माणूस लागला तर मी आहे.